काचंगत केलेली कार्डं

राजारामपुरीत क्लासच्या पोरांनी भरलेल्या एका गल्लीत दादासोंचं झेरॉक्सचं दुकान आहे. झेरॉक्स काय कुणीही काढतं, पण दादासोंचं नाव लॅमिनेशनला. कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालायचा, कडा बोटानं सारख्या करायच्या, मशीन पुरतं तापल्याशिवाय आत सोडायचा नाही, आणि बाहेर आला की गरम असतानाच वजनाखाली दाबायचा. मग कातरीनं चारी कोपरे गोल. शाळेचे दाखले, रेशन कार्डं, कुणाच्या गेलेल्या आईचा एकुलता एक फोटो, सगळं त्यांच्या हातनं गेलेलं. देताना बोलणं ठरलेलं. "घ्या पावणं. काचंगत केलंया. आता ह्येला काय हुईत न्हाय."

त्यांचा तसा विश्वासच होता. महापुराच्या साली त्यांच्या स्वतःच्या नदीकडच्या जुन्या घरात कमरेएवढं पाणी शिरलं, तेव्हा कागदाचा लगदा कसा होतो ते त्यांनी डोळ्यानं बघितलं होतं.

अनेकांत त्यांचा एकुलता मुलगा. पुण्यात नोकरीला होता. मागच्या वर्षी साध्या तापाचं निमित्त झालं आणि त्याची बायको आदिती गेली. दिवस झाल्यावर तो आईबापाकडं आला तो परत गेलाच नाही. आतल्या खोलीत बसून असायचा. राजमती ताट नेऊन ठेवायची.

"जेवलास न्हवं?"

"व्हय."

"चा टाकू?"

"नको."

एवढंच बोलणं. माडीच्या दादरावरनं खाली म्हणून उतरायचा नाही. दाढीसुद्धा आईनं मागं लागून करवून घ्यायची. नातेवाईक बोलायचे, काम बघा, स्थळं बघा. दादासोंचं मागणं त्याहून लहान होतं. पोरगं एकदा दारातनं बाहेर पडू दे, बास.

आणि एका सकाळी अनेकांतच बाहेरच्या खोलीत आला. "आण्णा, माझा कार्डांचा डबा हाय काय हो?"

कॉलेजात असताना त्याला एका खेळाचं भारी वेड होतं. दिसायला पत्त्यांसारखाच, पण ह्यात ज्याची त्याची कार्डं निराळी. कार्डावर कुठं बैल, कुठं लढवय्या, खाली त्याची ताकद लिहिलेली. आपली कार्डं निवडून आपला गठ्ठा बांधायचा, त्याला डेक म्हणायचं, आणि समोरच्याच्या डेकशी भिडायचं. आता राजारामपुरीतच एका क्लासच्या खोलीत दर रविवारी काहीजण हा खेळ खेळतात, असं त्यानं मोबाइलवर वाचलं होतं.

दादासो लगबगीनं उठले. ह्या घटकेची ते किती वर्षं वाट बघत होते! महापुरात तो पत्र्याचा डबा भिजला होता. त्यांनी एकूणएक कार्ड चादरीवर मांडून पंख्याखाली वाळवलं होतं, दुकानात नेऊन लॅमिनेट केलं होतं, कोपरे गोल केले होते. पोराला सांगितलं मात्र नव्हतं. तो मागंल तेव्हा देऊ, असं मनाशी म्हणाले होते.

अनेकांतनं डबा उघडला. आतली कार्डं लखलखत होती. एक उचलून त्यानं वाकवून बघितलं. वाकेना. कडेवरनं अंगठा फिरवला.

"कशी हाईत?" दादासो दारातच उभे.

अनेकांतनं बापाच्या तोंडाकडं बघितलं. "चांगली ठेवलीसा, आण्णा."

दादासो स्वयंपाकघरात जाऊन राजमतीला म्हणाले, "ऐकलंस? चांगली ठेवलीसा म्हणाला."

रविवारी अनेकांत दादर उतरला. तो कोपऱ्यावरनं वळेपर्यंत राजमती खिडकीत उभी होती. डबा घरातच राहिलाय हे तिनं बघितलं, आणि दादासोंच्या नजरेला पडू नये म्हणून तो आतल्या खोलीत सरकवला.

खेळाचं ते सगळं तेजस्वी नावाची शिक्षिका बघायची. आठवडाभर त्याच खोलीत गणित शिकवायची आणि रविवारी बाकं एकमेकांना जोडून टेबल करायची.

"जुनी कार्डं आहेत का?" तिनं विचारलं.

खेळात कार्डं पिसावी लागतात. लॅमिनेट केलेलं कार्ड जाड आणि ताठ, ते नीट पिसलं जात नाही, आणि दुसऱ्या कार्डांत मिसळलं तर हाताला कळतं, म्हणून चालत नाही. आणि एकदा चिकटलेलं प्लास्टिक सोडवायला गेलं तर वरचं चित्रच निघून येतं. हे सांगायचं, तर ते कुणी केलं हेही सांगावं लागलं असतं.

"पुरात गेली," अनेकांत म्हणाला.

"अरेरे. मग एक ऐका. महागड्या कार्डाच्या नादाला लागू नका. मधी सोडून परत येणारा प्रत्येकजण हेच करतो. एकच भारी कार्ड घेऊन बसतो आणि बाकी सगळा डेक उपाशी. आधी डाव ठरवा. अंगावर जायचंय की सोसत बसायचंय?"

"सोसत."

"मग अवघड न्हाय की." तिनं बुटाचं एक खोकं पुढं सरकवलं. लोकांनी नको म्हणून टाकलेली कार्डं त्यात होती, मूठभर घेतली तरी एका चहाच्या मोलाची. "ह्यातनं वेचा. भिंती, बैल, जखम भरणारी माणसं. आणि एकेकाची चार-चार घ्या. एक गेलं तर दुसरं हाताशी पायजे."

अनेकांतचा हात खोक्यातच थांबला. तेजस्वीला कारण माहीत नव्हतं. ती दुसऱ्या टेबलाकडं गेली. थोड्या वेळानं हात परत चालू लागला. दुपार सरेपर्यंत त्यानं वेचून डेक बांधला आणि पातळ प्लास्टिकच्या कव्हरांत घातला.

पुढचे काही रविवार तो जात राहिला. हरायचा, पण येऊन आईला सांगायचा, आज असं असं झालं. एकदा आपण होऊन म्हणाला, "आई, चा टाक की." राजमती पातेलं धरून तशीच उभी राहिली.

दादासोंना राहवेना. आपण जपलेली कार्डं मैदानात कशी दिसतात ते बघायचंच, म्हणून एका रविवारी दुपारी चिवड्याचा डबा घेऊन ते क्लासवर गेले. अनेकांत खिडकीजवळ खेळत होता. दादासो मागं जाऊन उभे राहिले. टेबलावर सगळी साधी, कव्हरातली कार्डं. चमकणारं एकबी नाही.

"ह्यो आमचाच," ते तेजस्वीला म्हणाले. "पर आपली कार्डं का न्हाय काढत ह्यो?"

"कुठली, काका? ती तर पुरात गेली ना?"

"कोण म्हणालं? घरात हाईत की! मी स्वतः काचंगत केल्यात सगळी."

"लॅमिनेट?" तिच्या तोंडून निघून गेलं, आणि तिनं अनेकांतकडं बघितलं. अनेकांतनं मान खाली घातली.

दादासोंनी टेबलावरचं एक कार्ड उचललं. कव्हराला वरनं तोंड उघडं होतं. त्यांनी कार्ड चिमटीत धरून बाहेर काढलं, परत आत घातलं. मग परत काढलं. चाळीस वर्षं प्लास्टिक हाताळलेल्या माणसाला आणखी काही सांगावं लागलं नाही. चिवडा ठेवून ते क्लासचा दादर उतरले.

अनेकांत डाव अर्धा सोडून मागं धावला.

"आण्णा, थांबा की."

"वाटुळं केलं मी."

"तसं काय न्हाय."

"सांगायचंस तरी, बाबा."

"काय सांगू? तुमी दारात हुबा हुतासा."

दादासो चालतच राहिले. "ते जाऊ दे. तू आता यायचा न्हाईस व्हय हितं?"

दोघं घरी आले आणि अनेकांत आतल्या खोलीत गेला.

त्या आठवड्यात दुकानात तानाबाई आली. कोडोलीची, अधूनमधून कागद घेऊन येणारी. गेलेल्या नवऱ्याच्या हातचं एक पत्र तिनं गल्ल्यावर ठेवलं. मशीन तापलेलं होतं. दादासोंनी पत्र पिशवीत सरकवलं, आणि हात मागं घेतला.

"मावशी, ह्येला परत हात लावावा वाटंल काय?"

"आता काय सांगू? वाटतंय कदीमदी."

"मग ह्यात नको." त्यांनी खणातनं एक उघड्या तोंडाचं साधं कव्हर काढलं. "ह्यात ठेव. पाण्यापासनं मात्र लांब."

"आन् पाणी आलं तर?"

"आलं तर आलं," दादासो म्हणाले, आणि मशीन बंद केलं.

रविवारी जेवण झाल्यावर दादासो पेपर धरून बसले. आतल्या खोलीकडं बघायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. राजमती उगाच झाकून ठेवलेली भांडी उचकटत होती. बऱ्याच वेळानं पत्र्याचा डबा उघडल्याचा आवाज आला. अनेकांत बाहेर आला. खिशात डेक, हातात एक लखलखतं कार्ड.

"आण्णा, दुकानातलं मार्कर न्हेतोय."

"कशाला?"

"खेळात आकडं लिवाय लागत्यात. सारखं कमी-जास्त हुतंय. ह्येच्यावर लिवलेलं पुसाय येतंय."

दादासोंनी पेपर खाली घेतला. कार्डाच्या गोल कोपऱ्यांकडं बघत म्हणाले, "कोरड्या फडक्यानं पुसू नगो. चरा पडतोय. वला बोळा लाव."

"बरं," अनेकांत म्हणाला, आणि दादर उतरून गेला.