फुकटातले नऊ मार्क

वर्तमानपत्राच्या कचेरीत त्यांना कोणी नावाने हाक मारत नाही. शिपायापासून संपादकबाईंपर्यंत सगळे ‘साडेसहा’ म्हणतात. व्हिडिओ गेमचं परीक्षण लिहिणारा हा माणूस दहापैकी मार्क देतो आणि बहुतेक वेळा साडेसहाच देतो. कधी सात दिले, तर घरी काहीतरी चांगली बातमी आली असावी असं लोक धरून चालतात.

मूळचे ते मुद्रितशोधक. अर्धं आयुष्य दुसऱ्याच्या मजकुरातल्या चुका काढण्यात गेलं. पुरवणीत गेमचं सदर सुरू झालं तेव्हा तरुण मंडळींनी हौसेने हात वर केले, पण मजकूर वेळेवर एकाचाही येईना. यांचा आला, स्वच्छ, जागेत बसणारा, कोणाची भीड न ठेवणारा. सदर त्यांचं झालं. कंपन्या गेम फुकट पाठवतात. कचेरीतच जुनी कपाटं हलवून मोकळ्या केलेल्या खोलीत एक टीव्ही आणि एका बाजूला कलणारी खुर्ची आहे, तिथे बसून ते खेळतात. हातात कंट्रोलर आणि चेहरा चुका शोधणाऱ्याचा.

मार्क देताना किंमत बघायची नाही, हा त्यांचा नियम. “पेपर तपासताना पोराच्या बापाने फी किती भरली ते कोणी विचारतं का?” हे ठरलेलं वाक्य.

मग त्यांनी एका गेमला नऊ दिले.

गेम एका म्हाताऱ्या लिफ्टवाल्याचा होता. तीच इमारत, तीच माणसं, दार उघडायचं, दार लावायचं. हळूहळू कळत जातं, की कालचा कोणीतरी आज आला नाही. दुपारी सुरू केला तर चहाच्या वेळेला संपतो. किंमत मात्र महिनोन्‌महिने चालणाऱ्या गेमइतकी. परीक्षणात साडेसहांनी यातलं काहीच लिहिलं नव्हतं. किती वेळ चालतो तेही नाही आणि केवढ्याला आहे तेही नाही.

पहिला हिशेब सलूनमध्ये झाला. कचेरीसमोरचा सलूनवाला त्यांचा जुना वाचक. त्याने गालांना फेस लावला, वस्तरा गळ्याशी आणला आणि मग बोलायला सुरुवात केली.

“साहेब, तो लिफ्टवाला घेतला. तुम्ही नऊ दिलेत म्हणून.”

“हं.” वस्तऱ्याखाली यापेक्षा जास्त बोलता येत नाही.

“पोरगी खेळायला बसली. मी दोन गिऱ्हाइकं करून वर गेलो, तर म्हणते, बाबा, संपला. मला वाटलं बिघडला.”

“छोटा आहे, पण—”

“हलू नका. तुम्हाला केवढ्याला पडला?”

“मला कंपनी पाठवते.”

वस्तरा थांबला. आरशात सलूनवाल्याने त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं खोटी नोट उजेडात धरून पाहतात.

“फुकट? मग बरोबर आहे. फुकट मिळालं तर मीही नऊ देईन. दहा देईन!”

आठवड्याभरात पत्रं येऊ लागली. बहुतेकांचा प्रश्न एकच: ‘किती मिळाले?’ संपादकबाईंनी त्यांना बोलावलं. समोर पत्रांचा गठ्ठा होता.

“गेमबरोबर आणखी काही पाठवलं होतं का कंपनीने?”

“एक टोपी.”

“कुठे आहे?”

“बायको भाजीला जाताना घालते.”

“म्हणजे कंपनीची टोपी बाजारभर फिरतेय! परत पाठवा.” बाईंनी गठ्ठा बाजूला सारला. “आणि पुढचा गेम स्वतःच्या खिशातून घ्यायचा. बिल मजकुराला जोडायचं. किंमत मार्कांत धरायची. जमत नसेल तर सदर क्रीडावाल्या पोराला देते.”

जमत नसेल तर जायचं कुठे, हे बाईंनी सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. मुद्रितशोधकाची खुर्ची कचेरीत उरलीच नव्हती. ते काम आता संगणक करत होता. सदर गेलं की साडेसहाही गेले.

त्यांची बायको चपलांच्या दुकानात विक्रीला उभी असते. फुकट या शब्दावर तिचा पहिल्यापासून राग. “फुकट आलं म्हणजे आपल्या नावावर कोणीतरी उधारी मांडली समजा,” असं ती म्हणते. टोपी तिने मुकाट्याने काढून दिली आणि गेम घ्यायला स्वतः बरोबर गेली. दुकानदाराने साडेसहांना ओळखलं.

“तुम्हाला काहीतरी कमी करू की.”

“एक पैसा कमी करू नका,” बायको म्हणाली. “पूर्ण घ्या आणि पक्कं बिल द्या. शिक्क्यासकट.”

सवलत नाकारणारं गिऱ्हाईक दुकानदाराने जन्मात पाहिलं नव्हतं. धाड पडली असं वाटून त्याने बिल दोनदा तपासून दिलं.

हा गेम जहाजांचा होता. माल भरा, बंदर गाठा, माल उतरवा, मोठं जहाज घ्या, पुन्हा माल भरा. साडेसहा घरी बाहेरच्या खोलीत रोज खेळत होते आणि रोज जांभया देत होते.

“कंटाळा येतोय तर बंद करा ना,” बायको म्हणाली.

“पुढे रंगत असेल.”

“कोणी सांगितलं?”

“एवढा मोठा केलाय म्हणजे कशासाठी तरी केला असेल ना!”

“कालही हेच म्हणालात. अहो, दुकानदाराने गुपचूप काही दिलं तर नाही ना तुम्हाला?”

त्यांनी पुढचं जहाज भरायला घेतलं. फुकट आलेल्या कुठल्याही गेमला त्यांनी एवढी सवड कधी दिली नव्हती.

मजकूर लिहून झाला. मार्क आठ. जुन्या सवयीप्रमाणे त्यांनी कागद छापून घेतला, लाल पेन उघडलं आणि मोठ्याने वाचायला बसले. तिसऱ्याच ओळीला अडखळले. ‘पैसे वसूल.’ हा शब्दप्रयोग त्यांनी आजवर दुसऱ्यांच्या मजकुरात फक्त खोडला होता. पुढे ‘महिनोन्‌महिने पुरेल’. जसं काही पीठच दळून आणलं होतं. मग त्यांनी एक केलं. गेम फुकट आला असता तर जे वाक्य लिहिलं नसतं, ते प्रत्येक वाक्य खोडलं. पान लाल झालं. जे उरलं त्याच्या जोरावर आठ उभे राहत नव्हते. पैसे मोजले होते आणि मोजणारा मूर्ख ठरू नये म्हणून ते इतके दिवस त्या जहाजांची वकिली करत होते.

मग दुसरा संशय आला. पैसे दिल्यावर मार्क फुगतात, तर पैसे न दिल्यावर काय होतं? लिफ्टवाल्याने त्यांची एक दुपार घेतली होती, दुसरं काही नाही. उदार व्हायला त्यांचं काय जात होतं? त्यांनी तो गेम पुन्हा काढला आणि चुका शोधत पहिल्यापासून खेळला. चूक सापडली नाही. पण शोधणाराच संशयित असेल, तर ‘सापडली नाही’ या साक्षीला किंमत किती?

दुसऱ्या दिवशी त्यांनी नवा मजकूर बाईंच्या टेबलावर ठेवला. जहाजांना साडेसहा. शेवटी चार ओळी: हा गेम मी विकत घेतला, म्हणून आठ द्यावेसे वाटत होते. लिफ्टवाला मला फुकट मिळाला होता. त्याचे नऊ मी मागे घेत नाही, पण तो एका दुपारीत संपतो आणि महाग आहे, हे सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, ही चूक.

बाईंनी दोनदा वाचलं. “म्हणजे किंमत मार्कांत धरली नाहीत.”

“नाही. मजकुरात राहील, ठळक. आणि गेमचे पैसे कोणी दिले तेही दर वेळी.”

“आणि मार्क खरे कशावरून?”

“त्याची हमी नाही. किती संशय घ्यायचा ते वाचक ठरवतील. त्यांच्या हातात माहिती तरी असेल.”

बाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. यातही काही डाव आहे का, हे त्या शोधत असाव्यात.

“टोपी गेली?”

“गेली.”

“मग लावा पानात. सदर तूर्त तुमच्याकडेच.”

तूर्त या शब्दावर साडेसहा किंचित थबकले, मग निघाले. पत्रं याही वेळी आली. जहाजांना पाडायला दुसऱ्या कंपनीने पैसे चारले, असं एकाने खात्रीने लिहिलं होतं.

सलूनवाल्याने फेस लावला. वस्तरा या वेळी जरा हलक्या हाताने फिरत होता.

“पोरगी तो लिफ्टवाला पुन्हा खेळतेय,” तो म्हणाला. “तरी महागच आहे.”

“महागच आहे.”

“हे आधी लिहायचं!” त्याने टॉवेल झटकला. “राहू द्या, आज पैसे नकोत.”

“नाही. घ्या.”

“का? फुकट झाली तर दाढी कशी झाली ते सांगता येणार नाही?”

“नाही येणार.”

“आणि पैसे दिले तर येईल?”

साडेसहांनी आरशात पाहिलं, गालावरून उलटा हात फिरवला. विचार केला.

“तेव्हाही नाही,” ते म्हणाले आणि पूर्ण पैसे काढून ठेवले.