ताकाचा दुसरा पेला

आधीच सांगतो, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. सांगलीत माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरची मोटार जळाली की शेतकरी ती घेऊन येतो आणि म्हणतो, "नजर लागली बघा." मी कॉइल उघडून दाखवतो... नजर नाही बाबा, आत पाणी गेलंय. आजवर नजर लागून जळलेली एकही मोटार माझ्या टेबलावर आलेली नाही. तुमच्या या सदरातले अनुभवही मी चहाबरोबर वाचायचो, आणि खरं सांगायचं तर हसायला वाचायचो. आज स्वतःच लिहायला बसलोय. पण भीतीनं नाही हो. भीती आठवड्याभरात गेली. लाज आहे ती अजून जात नाही.

नावं बदलली आहेत. माझं नाव शेखर समजा.

आमचा मोटरसायकलवाल्यांचा एक क्लब आहे. क्लब म्हणजे काय, तर रविवारी सकाळी एका गॅरेजसमोर जमायचं, एकमेकांच्या गाड्यांना नावं ठेवायची आणि मिसळ खाऊन घरी जायचं. कुणाच्या घरी लग्न असलं की सगळ्यांनी वाढपी व्हायचं. कुणी दवाखान्यात असलं की आळीपाळीनं डबा पोचवायचा. आणि मे महिन्यात एक मोठी राईड. त्या राईडसाठी आम्ही वर्षभर बायकोची बोलणी खातो.

क्लबचे कर्तेधर्ते दत्ताबापू. सातारा जिल्ह्यातले, फौजेतून निवृत्त झालेले, मिशा अजून ड्युटीवर. ते राईडमध्ये कायम सगळ्यात मागे असतात. शेवटची गाडी त्यांची. पुढच्या गाडीला रस्ता माहीत, मागच्या बापूंनाही माहीत, पण मधल्या सगळ्यांचं काय? त्यासाठी बापूंचा एक नियम आहे. जिथे रस्ता फुटतो तिथे आपला एक माणूस उभा करायचा. त्यानं हात करून वळण दाखवत राहायचं, आणि बापू स्वतः येऊन पुढे जाईपर्यंत हलायचं नाही. त्या माणसाला घालायला एक पोपटी चमकतं जॅकेट असतं. क्लबचं एकच. एकदा ते खांद्यावर फाटलं तेव्हा बापूंच्या मंडळींनी त्याला निळं ठिगळ लावलं होतं.

"फाट्यावरचा मानूस म्हंजे पोस्टावरचा जवान," बापू दर राईडला सांगायचे. "ऊन असू दे, पाऊस असू दे. म्या दिसल्याबिगर हलायचं न्हाई. काय?"

"व्हय बापू," आम्ही एका सुरात.

गेल्या वर्षीची राईड पाटणच्या पुढे, घाट चढून पवनचक्क्यांच्या पठारावर होती. सर्वात पुढे राहायचा मान त्या खेपेला मला मिळणार असं मी धरून चाललो होतो. क्लबातला जुना माणूस मी. पण बापूंनी तो एका तरण्या पोराला दिला, आणि ते पोपटी जॅकेट माझ्या अंगावर टाकलं. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. घाटभर मनात बापूंशी भांडत होतो.

त्या राईडला एक मुलगी नवीन होती, पद्मजा. हळदीचे व्यापारी सुकुमार अण्णा, त्यांची एकुलती एक. गाडी उत्तम चालवायची, पण घाट पहिल्यांदाच. निघताना अण्णा स्वतः सोडायला आले होते, कांदा-लसूण न घातलेला वेगळा डबा घेऊन. सगळ्यांना सोडून त्यांनी माझाच हात धरला. माझ्या दुकानात त्यांच्या मळ्यातली मोटार येते, तेवढी ओळख.

"शेखर, तुमच्या जिवावर सोडतोय बघा. तिची आई सकाळपास्नं जेवली न्हाई."

"अण्णा, काळजीच करू नका," मी म्हणालो. अगदी छातीवर हात ठेवून म्हणालो.

पठारावर एक फाटा आहे. सरळ जाणारा रस्ता नवा, काळा कुळकुळीत, बघूनच गाडी पळवावीशी वाटेल असा. पण वळणापलीकडे मोरीसाठी तो आडवा खणून ठेवला होता. पाटणला चहा प्यायला थांबलो तेव्हा एका वडापच्या जीपवाल्यानं आम्हाला बजावून सांगितलं होतं, तिथे ना बोर्ड, ना दगड. आम्हाला जायचं होतं उजवीकडे, जुन्या उखडलेल्या रस्त्यानं, एका देवळापाशी जेवायला. नवा माणूस सरळच जाणार हे उघड होतं. म्हणून तिथे मी.

पुढच्या गाड्या मला हात करत उजवीकडे वळून गेल्या. मग रस्ता रिकामा. पद्मजा यायची होती, बापू यायचे होते, आणखी एक गाडी यायची होती. मला मागाहून कळलं की त्या गाडीला घाटात पंक्चर झालं, बापू तिच्यापाशी थांबले आणि पद्मजाला म्हणाले, "तू हो म्होरं. फाट्यावर शेखर हाय."

फाट्यावर शेखर नव्हता.

पठारावर झाड नाही. डोक्यावर मेचं ऊन, डांबरातून वर येणारी धग, हेल्मेटमधून घाम डोळ्यात. पाण्याची बाटली संपली. आणि मनातलं भांडण चालूच. मला जुन्या माणसाला इथे खांबासारखं उभं केलं काय... रस्त्याच्या खालच्या अंगाला एक घर दिसत होतं. गाडी उतारावरून खाली घातली आणि गेलो. पाच मिनिटांत येऊ म्हणून गेलो असंही म्हणवत नाही. गेलो तेव्हा मी बसायलाच गेलो होतो.

धनगराचं घर होतं. दारात दोन शेरडं बांधलेली, आत एक म्हातारी बाई. तिनं काही विचारलं नाही. बाजेवर घोंगडं टाकलं. मी हेल्मेट बाजूला ठेवलं, जॅकेट काढलं. ते तिनं माझ्या हातातून घेऊन समोरच्या खुंटीला अडकवलं. माझ्या अगदी डोळ्यांसमोर. निळं ठिगळ माझ्याकडे, हे मला आजही दिसतं. माझी पाठ दाराकडे होती.

तिनं ताक दिलं. थंडगार, मीठ घातलेलं. मी पेला तोंडाला लावला तशी ती उंबऱ्यात जाऊन वर रस्त्याकडे बघत उभी राहिली, पदर कपाळावर धरून.

"आवं, तुमचा जोडीदार उनात हुबा हाय की."

"कोण?"

"त्यो काय फाट्यावर. तुमच्यावानीच हाय. गाडी न्हाई वाटतं त्येच्यापाशी."

मी मान वळवूनसुद्धा बघितलं नाही. मला वाटलं, आपल्यातलंच कुणीतरी परत आलं असेल, मी दिसत नाही म्हणून उभं राहिलं असेल. आणि मला काय वाटलं माहितीये? बरं झालं, वाटलं. कुणीतरी उभा आहे, आता आपण निवांत बसावं.

तिनं आणखी एक पेला भरून आणला.

"ह्यो त्येला न्हेऊन द्या जावा. लय वेळ हुबा हाय गरीब."

"देतो," मी म्हणालो. पेला हातात धरून बसलो. थोड्या वेळानं बाई शेरडांना पाणी दाखवायला मागे गेली, आणि तो पेलाही मी पिऊन टाकला.

मग वरून दोन गाड्या गेल्याचा आवाज आला. त्यातली एक बापूंची जुनी बुलेट, तो ठोका मी झोपेतही ओळखेन. मी जॅकेट चढवलं, हेल्मेट घातलं आणि गाडी वर काढली. फाट्यावर कुणी नव्हतं. जो होता तो बापूंच्या गाडीवर मागे बसून गेला असेल, म्हटलं, आणि निघालो.

देवळापाशी पोचलो तर टाळ्या. मला वाटलं टिंगल चाललीये, उशिरा आलो म्हणून. मी कसनुसा हसलो. तर पद्मजा पुढे आली.

"दादा, मी सरळच निघाले होते हो. रस्ता इतका मस्त दिसत होता... तुम्ही असे मधोमध आलात, आडवे. करकचून ब्रेक मारला मी. तुम्हाला ठोकलंच असतं."

मी हेल्मेट काढून आरशाला अडकवलं.

"मी सॉरी म्हणाले, पाणी देऊ का विचारलं. तुम्ही बोललाच नाहीत. नुसता हात केलात वळणाकडे. रागावलात ना?"

आसपास मी बघत होतो. कोण होतं? आमच्यातले सगळे पुढेच आलेले, डबे सोडून बसलेले. बापू पंक्चरवाल्याबरोबर, आणि मागच्या सीटवर कुणी नव्हतं. इतक्यात बापूंनी माझ्या पाठीवर थाप मारली.

"पोस्टावरचा जवान बघा ह्यो! लांबनं दिसला तसा फोटूच काढला म्या. आन् गाडी खालच्या घराच्या सावलीला लावलीस ते ब्येस केलंस गड्या."

त्यांनी फोन पुढे केला. पठार, तापून पांढरा पडलेला रस्ता, आणि फाट्यावर एक माणूस. हेल्मेट काळं, काच खाली. उजवा हात खांद्याच्या रेषेत ताठ, वळणाकडे. अंगात पोपटी जॅकेट. मी बोटांनी फोटो मोठा केला. खांद्यावर निळं ठिगळ.

तेव्हा सांगायला हवं होतं. "बापू, तो मी नव्हे," एवढंच. पण सगळे माझ्याकडे बघत होते, पोरगी रडायच्या बेतात होती, कुणीतरी माझ्यापुढे पोळी-भाजीचं ताट ठेवलं. मी मूग गिळून जेवायला बसलो. जेवण झाल्यावर बापू ती मोरी बघून आले. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "पोरगी ऱ्हायली नसती रं."

एवढ्यावर संपलं असतं तरी मी कदाचित निभावून नेलं असतं. पुढच्या रविवारी सुकुमार अण्णा गॅरेजवर आले. शाल, नारळ, हार. सोबत पद्मजाची आई. सांगलीत सत्काराला कुणी नाही म्हणत नाही, मीही म्हणालो नाही. अण्णांनी शाल माझ्या खांद्यावर घातली आणि हात तिथून काढेनात.

"आवं, दोन घास जातात पोटात ते तुमच्यामुळं," म्हणाले.

"दोन शब्द, दोन शब्द!" मागून आरोळी.

आणि मी बोललो. लाज वाटते लिहायला, पण लिहितोच. मी म्हणालो, "मी विशेष काही केलं नाही. माझी ड्युटी केली." टाळ्या पडल्या. त्या वेळी खरंच मेल्याहून मेल्यासारखं झालं मला, पण हार मी नीट मान वाकवून घालून घेतला.

तो फोटो आता मोठा करून गॅरेजच्या भिंतीवर लावलाय. खाली माझं नाव. दर रविवारी त्याच्याखाली बसून मी मिसळ खातो.

मी माझ्या परीनं कॉइल उघडून बघितली. रस्त्याचं काम करणाऱ्यांकडे अशी जॅकेटं असतात, त्यातला कुणी असेल? त्या दिवशी काम बंद होतं, आणि निळ्या ठिगळाचं काय? ते जॅकेट तर माझ्यासमोर खुंटीला होतं. ऊन लागून मला भ्रम झाला म्हणावं, तर पद्मजा, बापू आणि ती धनगर बाई, तिघांनाही तोच भ्रम? आणि फोन? फोनला ऊन लागतं का? बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, देवानं पोरीला वाचवलं, झालं. असेल. पण देवानं माझं जॅकेट का घालावं?

यंदा मे महिन्यात पुन्हा तीच राईड ठेवली. पुढे राहायचा मान बापूंनी या वेळी आपणहून मला देऊ केला. मी फाटा मागून घेतला. सगळ्यांना फार कौतुक वाटलं, तेही घेतलं.

मोरी आता बांधून झालीये, बोर्डही आहे. तरी मी उभा राहिलो. हात वर धरून. तो खांद्याच्या रेषेत ताठ धरला की थोड्याच वेळात दंडात आग होते, हे मला तेव्हा कळलं. पद्मजा आली, वळताना हसून ओरडली, "दादा, अगदी फोटोतल्यासारखे!" मी मान हलवली.

थोड्या वेळानं खालच्या घरातून ती म्हातारी चढण चढून वर आली. हातात पेला, पदरानं झाकलेला. तिनं मला ओळखलं.

"आज एकलंच?"

"हो आजी."

तिनं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघितलं. मग पेला माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "गेल्या साली त्येला ताक दिलंसा न्हवं? म्या शेरडांकडं गेल्ते, मागनं आठवलं. लय उनात हुबा हुता."

"दिलं," मी म्हणालो.

"बरं केलंसा," म्हणाली आणि उतरून गेली.

क्लबातलं कुणी हे वाचलं तर ओळखेल. ओळखू दे. नावं बदलली ती त्यांच्यासाठी, माझ्यासाठी नाही. पुढच्या रविवारी बहुतेक मी भिंतीवरचा फोटो उतरवायला सांगेन, किंवा सांगणार नाही, माझा मला भरवसा नाही. तो कोण होता हे मला आजही माहीत नाही आणि कळेल असं वाटतही नाही. त्याच्या वाट्याला आलेला ताकाचा एक पेला होता, आणि तोही मी प्यायलो, एवढंच मी खात्रीनं सांगू शकतो.