धक्क्याला टांगलेले दोन तुकडे

माझे धाकटे दीर बोटी बांधण्याच्या कारखान्यात पॉलिशवाले आहेत. अठ्ठावीस वर्षे स्टीलचे दांडे आणि कठडे घासून त्यांच्या बोटांवरच्या रेषा पार पुसट झाल्या आहेत. कारखान्यात त्यांना 'आरसेवाले' म्हणतात, कारण स्वतःचे तोंड दिसल्याशिवाय ते काम हातावेगळे करत नाहीत.

यंदा नव्या मालकांनी विचारले, "मासे काय तोंड बघायला येणार आहेत? जाड दाण्याच्या चाकाने एकदा घासून द्या, झालं."

भाऊजींनी समजावले. तसल्या चाकाने बारीक चरे पडतात, त्यात खारे पाणी आणि घाण बसून राहते, आणि गंज तिथूनच आत खोदत जातो. गुळगुळीत अंगावर त्याला सहज पाय रोवता येत नाही.

"दाखवा," मालक म्हणाले.

मग स्टेनलेसच्या एकाच पत्र्याचे दोन तुकडे केले, एक खरखरीत, एक गुळगुळीत, आणि धक्क्याच्या खांबाला टांगून तीन महिने समुद्रात सोडले. फरक दिसला नाही तर पॉलिशखाते बंद आणि भाऊजी घरी, असे ठरले.

"वहिनी, तुमच्या देवाला सांगा, समुद्राला जरा माझ्या बाजूने घे म्हणावं."

"खरं असेल तेवढंच दाखव, असं सांगते."

"म्हणजे तुमचा काही उपयोग नाही!"

आज सकाळी तुकडे वर काढले. भाऊजींचा विसरलेला चष्मा द्यायला गेले होते, म्हणून मीही पाहिले. गुळगुळीत तुकड्यावर टांगायच्या भोकाभोवती तांबूस ठिपके होते. भाऊजींचे तोंड उतरले. मालक यायला अवकाश होता. भाऊजींनी अंगठ्याने एक ठिपका घासला, तो निघाला. चिंधीने पुसायचे म्हटले तर दोन मिनिटांचे काम. त्यांनी चिंधी खिशात घातली.

तुकडा टांगण्याआधी भोकाची कड साफ करताना घाईत त्यांनी साध्या लोखंडाच्या तारेचा ब्रश वापरला होता. स्टेनलेसला तो लावायचा नसतो. लोखंडाचे कण अंगात रुततात आणि गंजतात. नवशिक्यांना पहिल्याच दिवशी ते हेच सांगतात.

मालक आले तसे भाऊजी म्हणाले, "हे ठिपके माझ्या चुकीचे. ब्रश भलताच लावला मी."

"आरसेवाले, अठ्ठावीस वर्षांनी?"

"हो. आता बाकीचा तुकडा बघा आणि काय ते ठरवा."

मालकांनी स्वतः दोन्ही तुकडे पुसले आणि नख फिरवून पाहिले. खरखरीत तुकड्यावर चऱ्यांच्या ओळीने टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडले होते, नख जागोजागी अडकत होते. गुळगुळीत तुकड्यावर ते भोकापाशी दोनदा अडकले, बाकी कुठे नाही.

"खातं चालू राहू दे," मालक म्हणाले. "पण तो ब्रश इथे ठेवू नका."

भाऊजींनी ब्रशाच्या मुठीला लाल रंग फासला आणि तो साध्या लोखंडाच्या खात्यात नेऊन दिला.