मिनिटाला सहा फेरे

रविवार, दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं. हॉल चारला उघडतो, पण मापवाले कोपऱ्यातल्या टेबलाशी कधीचे कामाला लागले आहेत. समोर दोन रेकॉर्ड प्लेअर, डावीकडे मऊ ब्रश, उजवीकडे वही. हातातली रेकॉर्ड त्यांनी खिडकीच्या उजेडात तिरपी धरली, चरे पाहिले आणि बाजूला ठेवली. सुरुवातीला लावायच्या चारांतली तिसरी ठरली. चौथी ठरत नव्हती.

मापवाले हे त्यांचं हॉलमधलं नाव. वजनमापं तपासणाऱ्या सरकारी खात्यात ते एकतीस वर्षं निरीक्षक होते. दुकानांतले खोटे तराजू आणि पेट्रोल पंपांवरची खोटी मापं पकडण्यात त्यांची नोकरी गेली. गेली बावीस वर्षं दर रविवारी, शिक्षक संघटनेच्या या दुसऱ्या मजल्यावरच्या हॉलात, ते टँगोच्या नाचासाठी जुन्या रेकॉर्ड निवडतात. स्वतः नाचत नाहीत. एकाच वाद्यवृंदाची चार गाणी सलग लावतात, त्याला इथे चौकडी म्हणतात. चौकडीभर जोडी बदलायची नसते. निवड चुकली की माणसं बारा मिनिटं नको त्या तालात अडकतात, नाहीतर सरळ खुर्च्या गाठतात. प्रत्येक चौकडीला किती जोड्या उठल्या ते मापवाले वहीत लिहितात. कोणी काय मागितलं, त्याचाही रकाना आहे.

आजची सहाची चौकडी चष्मेवाल्याची. हा ऐंशी वर्षांपूर्वीचा वाद्यवृंदप्रमुख. त्याचा एकच फोटो मिळतो आणि त्यात जाड चष्मा आहे, म्हणून हे नाव. एका छोट्या कंपनीसाठी त्याने चार वर्षं वाजवलं, कंपनी बुडाली, तोही विसरला गेला. त्याच्या एकेचाळीस रेकॉर्ड मापवाल्यांच्या थोरल्या भावाने एका बंद होणाऱ्या दुकानातून उचलल्या होत्या. दादा आणि वहिनी तरुणपणी याच गाण्यांवर नाचायला शिकले होते.

पहिल्याच वर्षी मापवाल्यांनी चष्मेवाला तीनदा लावून पाहिला. गाणारा किरटा वाटायचा, व्हायोलिनं धापा टाकत पळायची. तिसऱ्या गाण्यापर्यंत दोन जोड्या उरायच्या. वहीत लाल शाईने नोंद झाली : नाचण्याजोगा नाही.

दादाला ते पटलं नाही. "अरे, हा असा धावत नव्हता. आमचे मास्तर चावीचा ग्रामोफोन कानाने जुळवायचे. पाय कसे निवांत पडायचे!"

"दादा, रेकॉर्ड मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे फिरते. दर रविवारी दिव्याखाली पट्ट्यांची चकती ठेवून मी वेग तपासतो. तुझी आठवण धरू की माप?"

"बरं बाबा, साहेब म्हणतील तसं."

पण पुढच्या रविवारी मागणी पुन्हा यायची. मग ती महिन्यातून एकदा येऊ लागली, मग वर्षातून दोनदा. सात वर्षांपूर्वी दादा यायचाच थांबला. गुडघे दुखतात म्हणाला. त्याचं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि तो रोज दोनदा जिना चढत होता. मापवाल्यांनी ते पाहिलं होतं. विचारलं नाही. गेल्या वर्षी दादा वारला.

सगळ्या रेकॉर्ड वर्षातून एकदा पुसून वाजवून बघायच्या, असा मापवाल्यांचा नेम आहे. पाच आठवड्यांपूर्वी ते चष्मेवाल्याच्या रेकॉर्ड वाजवत असताना, नाचायला नव्याने येऊ लागलेली पियानो जुळवणारी बाई लवकर आली होती.

"काका, हा पियानो कुठल्याच पट्टीत बसत नाही," ती म्हणाली.

"जुना असेल."

"एखाद्या गाण्यात असेल. आत्ता ऐकलेल्या सहाही गाण्यांत असाच चढलेला? पियानोला काही झालेलं नाही, तुमची रेकॉर्ड पळतेय."

तिने पर्समधून नादकाटा काढला, कानाशी धरला आणि मापवाल्यांना वेग कमी करायला लावला. बहात्तर फेऱ्यांवर ती "बास" म्हणाली. गाणाऱ्याच्या आवाजाला छाती आली. पळणारी व्हायोलिनं चालू लागली. त्या छोट्या कंपनीचं ध्वनिमुद्रणाचं यंत्रच मंद फिरत असणार, एवढाच त्याचा अर्थ होता. मापवाल्यांचा प्लेअर अचूक होता. अठ्ठ्याहत्तर हा आकडाच या रेकॉर्डींचा नव्हता.

त्यानंतरचे चार रविवार त्यांना वहिनींना सांगायला जमलं नाही.

वहिनी आज साडेतीनला आल्या, नेहमीसारख्या सगळ्यांच्या आधी. भिंतीलगत बसून बूट बदलू लागल्या.

"वहिनी, आज सहाला चष्मेवाला लावतोय."

"का हो भाऊजी? लोकांना लवकर घरी पाठवायचंय?"

मापवाले हसले नाहीत. उभ्याउभ्याच त्यांनी सगळं सांगितलं. पियानो, नादकाटा, बहात्तर. वहिनींचा एक बूट हातातच राहिला.

"म्हणजे किती चुकलं होतं?"

"मिनिटाला सहा फेरे."

"जन्मभर लोकांचे तराजू पकडलेत," वहिनी म्हणाल्या आणि बूट घालू लागल्या.

सहाला चौकडी सुरू झाली. पहिल्या गाण्याला लोक जरा बिचकत उठले. दुसऱ्याला नऊ जोड्या होत्या, तिसऱ्याला चौदा. दर रविवारी नाचायला येणारा एक लिफ्ट-दुरुस्तीवाला वहिनींपुढे येऊन झुकला. "पुढच्या चौकडीला बघू," त्या म्हणाल्या. तो गेल्यावर त्या उठल्या, टेबलाशी आल्या आणि न विचारता वही उघडली. जुन्या पानांवर मागणीच्या रकान्यात सुबक अक्षरात होतं : दादा, चष्मेवाला, नाही. पुढच्या पानावरही तेच. त्यांनी चार-पाच पानं उलटली.

"ह्यांचे गुडघे चांगले होते," त्या म्हणाल्या.

"माहीत होतं मला."

"रागावून थांबले असं वाटलं असेल तुम्हाला. रागावले असते तर बरं झालं असतं. शेवटी शेवटी म्हणायला लागले होते, माझीच आठवण दगा देतेय गं. धाकट्याचं माप चुकायचं नाही. मास्तर ग्रामोफोन जुळवायचे, तेही आपण मनानेच रचलं असेल म्हणाले."

तिसरं गाणं संपलं. मापवाल्यांनी तोंड उघडलं, पण फरशीवर चौदा जोड्या थांबलेल्या होत्या. त्यांनी दुसऱ्या प्लेअरची सुई चौथ्या रेकॉर्डवर ठेवली. मान वर केली तेव्हा वहिनी आपल्या खुर्चीकडे परत निघाल्या होत्या.

चौथ्या गाण्याला सोळा जोड्या होत्या. तो आकडा मापवाल्यांनी लिहिला. त्याच पानावर खाली लिहिलं : चूक निवडणाऱ्याची. वहिनी पुढच्या चौकडीला नाचल्या नाहीत. सात वाजता कोट चढवून, दारातून फक्त हात करून त्या गेल्या.

चष्मेवाल्याच्या चार रेकॉर्डींचा खरा वेग सापडला आहे, सदतीस बाकी आहेत. प्रत्येकीचा वेग थोडा वेगळा निघतो, आणि एकीला साधारण वीस मिनिटं जातात. उद्या सोमवार. पियानो जुळवणारी बाई शाळेतलं काम आटोपून साडेदहाला येणार आहे. तिला एक वाजता दुसरीकडे जायचं आहे, म्हणजे उद्या सात होतील.