सातव्या खांबापाशी

चर्चच्या पार्किंगमधले दिव्याचे खांब पास्कूअंकल घरांच्या नावांनी ओळखायचे. पहिला खांब म्हणजे रॉकीचं घर, दुसरा शाळामास्तरांचं, तिसरा मेरीमावशीचं. वसईतल्या त्यांच्या गावात फेस्ताची, म्हणजे चर्चच्या सणाची, मिरवणूक घरोघरी जाते. इथे कतारमध्ये, दोह्यात, ती चर्चच्या आवाराबाहेर नेता येत नाही. मग या गृहस्थांनी अख्खा गावच पार्किंगमध्ये आणून उभा केला होता.

ते एका हॉस्पिटलच्या स्टोअरमध्ये कामाला होते आणि आमच्या हौशी बँडचे प्रमुख होते. मी नाशिकचा सावंत. शाळेच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवला होता, एवढंच माझं भांडवल. ट्रम्पेटवाले कमी पडतात म्हणून ऑफिसातल्या एका मित्राने मला त्यांच्या ओल्ड एअरपोर्ट भागातल्या फ्लॅटवर नेलं. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून ट्रम्पेटच्या तोंडात टॉवेल कोंबून ते तालीम घेत. मी सूर चुकवला तर काही बोलत नसत, पण कागदात डोकं खुपसलं की चिडायचे. "सावंत, आधी दार बघ, मग वाजव. माणसं ओट्यावर येऊन उभी राहिलीत आणि तू काय वाचत बसलायस?"

पहिल्याच फेस्ताला मी घोळ घातला. सातव्या खांबापाशी अंकलनी हात वर केला आणि सगळा बँड थांबला. फक्त मोठा ड्रम हळू वाजत राहिला. मी आपला कागदात! माझा ट्रम्पेट एकटाच कोकलला. मूर्ती वाहणाऱ्यांनीसुद्धा माना वर करून पाहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नंतर चहाच्या टेबलापाशी मी माफी मागितली.

"राहू दे रे," ते म्हणाले. "तुला कुठून माहीत असणार? ज्या घरातलं माणूस गेलंय, त्या दारासमोर आमच्याकडे बँड वाजत नाही. नुसता ड्रम."

"सातवं घर कोणाचं, अंकल?"

"माझं."

त्यांची बायको सेसिल गावी वारली, तेव्हा ते इथे ड्युटीवर होते. सुट्टी आणि तिकीट मिळून घरी पोचेपर्यंत तिला पुरून झालं होतं. मूलबाळ नव्हतं. घराला तेव्हापासून कुलूप.

"पण त्याला तर बरीच वर्षं झाली," मी म्हणालो.

"वर्ष सरलं की घरच्या माणसाने दारात उभं राहून सांगायचं असतं, वाजवा म्हणून. मग बँड वाजवतो. मी दारात आहे कुठे? रिटायर झालो की जातो, कुलूप काढतो, उभा राहतो आणि सांगतो. इन्शाल्ला."

दरवर्षी ते हेच सांगत. निवृत्तीला दोन महिने उरले असताना ते कामावरच कोसळले आणि उठले नाहीत. त्यांची शवपेटी विमानाने वसईला गेली. त्या वर्षी सातव्या खांबापाशी आम्ही थांबलो, ते दोघांसाठी.

यंदा बँडपुढे मला उभं केलं होतं. सातवा खांब आला आणि सवयीने माझा हात वर गेला. सगळे थांबले. ड्रम तेवढा वाजत राहिला. मला अंकलची फार आठवण आली. त्यांनाही जाऊन वर्ष सरलं होतं, आणि त्या घरातून सांगायला आता कोणीच येणार नव्हतं.

मी रांग सोडली. खांबाला पाठ लावून, बँडकडे तोंड करून उभा राहिलो आणि म्हणालो, "वाजवा."

कोणालाच ऐकू गेलं नाही. मग मी मोठ्याने सांगितलं.