झुंबरबाईची जागा

कोल्हापूर संस्थान विलीन झालं, त्याच्या पुढच्या वर्षी सरोजिनीबाई मुलींच्या एका शाळेत गाणं शिकवायला लागल्या. त्यांची आई झुंबरबाई दरबारात गायची. ती तोवर वारली होती आणि दरबारही उरला नव्हता. नोकरीच्या अर्जात बाईंनी आईच्या नावापुढे ‘घरकाम’ लिहिलं. गाणारणीची मुलगी म्हटल्यावर कोण आपल्या पोरी तिच्यापुढे बसवणार?

वर्गात बावन्न मुली, तास पस्तीस मिनिटांचा, पेटी एकच आणि तिचेही दोन सूर मुके. जरा आवाज चढला की पलीकडून गणिताचे मास्तर भिंतीवर डस्टर आपटत. परीक्षा जवळ आली की पहिला कापला जाई तो गाण्याचा तास. हे सगळं बाई सोसत. सोसवत नव्हती ती वेगळीच गोष्ट. गाताना मध्येच गळा आपोआप वळायला बघायचा आणि आत कुठंतरी आई गायला लागायची.

झुंबरबाईची एक जागा होती. वरच्या सुरावर क्षणभर थांबून ती अशी खाली घसरायची, की हसता हसता रडू फुटल्यासारखं वाटे. बैठकीतली माणसं त्या जागेची वाट बघत बसायची. शेवटच्या दुखण्यात तिनं लेकीचा हात घट्ट धरला होता. “माझ्यावानी गाऊ नगंस गं. लोक वळखतील की.”

म्हणून बाई मुलींना सांगत, “सूर सरळ लावा. वळवू नका.” मुख्याध्यापिका प्रमोदिनीबाईंना तेच हवं होतं. घरंदाज मुलींना शोभेल असं सरळ, धुतलेलं गाणं.

त्रेपन्न सालच्या स्नेहसंमेलनात सातवीतली चंदना, एका जैन व्यापाऱ्याची मुलगी, स्वागतगीत म्हणायला उभी राहिली. पहिलं कडवं ठीक गेलं. दुसऱ्यात ती वरच्या सुरावर थांबली आणि घसरली. अगदी तशीच.

बाईंची बोटं पेटीवर थिजली. आई पाठीशी येऊन उभी राहिली असं वाटून त्यांनी मागे वळून पाहिलं. नुसता पडदा होता. समोर पहिल्या रांगेत मात्र शाळेच्या कमिटीतले म्हातारे गणपतराव एकदम ताठ बसले होते.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात बोलावणं आलं.

“बाई, ती जागा पोरीला कुणी शिकवली?” गणपतरावांनी विचारलं. “खोटं सांगू नका. झुंबरबाईला ऐकलंय मी. पुढं बसून ऐकलंय.”

“मी शिकवली नाही,” बाई म्हणाल्या. ते खरंच होतं. तेवढ्यावर थांबता आलं असतं. “पण झुंबरबाई माझी आई.”

प्रमोदिनीबाईंनी फायलीतून अर्ज काढला. “इथं घरकाम लिहिलंय.”

“ते खोटं लिहिलं.”

गणपतराव खिडकीबाहेर बघत राहिले. “काय गायची...” एवढंच पुटपुटले. एप्रिलअखेर नोकरी संपल्याचं पत्र आलं, त्यावर त्यांचीही सही होती.

शेवटच्या तासानंतर बाईंनी चंदनाला थांबवून घेतलं. “ती जागा तू कुठं ऐकलीस?”

चंदना गोंधळली. “तुम्हीच म्हणता की बाई. तास संपल्यावर, पेटी पुसताना. रोज म्हणता.”

बाईंनी हातातल्या फडक्याकडे पाहिलं. तीन वर्षं रोज आपण गात होतो, आणि ते आपल्यालाच ठाऊक नव्हतं.

“म्हणून दाखव.”

चंदनानं म्हटलं. बाईंनी पेटी पुन्हा उघडली. “घाई करतेस. वर आणखी थोडं थांब. आई थांबायची.”

पुढे त्या मंगळवार पेठेत दोन खोल्या घेऊन शिकवण्या करू लागल्या. चंदनाला घरून परवानगी मिळाली नाही. पाच-सहा जणी यायच्या. शिकवता शिकवता बाई मध्येच थांबत, आतल्या खोलीकडे मान वळवून ऐकत, कुणी चूक दाखवल्यासारखं “बरं” म्हणत आणि ओळ पुन्हा धरत. आत कुणी राहत नव्हतं. नवी मुलगी घाबरून उठायला लागली की जुन्या मुली तिचा परकर ओढून खाली बसवत. “गप बस की. आत्ता सांगतील, कुठं चुकलं ते.”