स्कॅनरला वाहिलेलं हळदकुंकू

मी एका यंत्राच्या तोंडात हळदकुंकू घातलं. झाकणावर बोट टेकवून गप्प बसले असते तर एक वेळ ठीक होतं. पण ज्या फटीतून फिल्म आत सरकवायची, नेमकी तिथेच चिमूट सोडली. आणि मी कोण, तर औशाच्या शाळेत तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलेली बाई. प्रयोगशाळेत पोरींनी वेणीचा गजरा जरी झटकला तरी धुळीवर व्याख्यान देणारी. तेव्हा मी साठीची होते. नातवंडं झाली होती, अक्कल तेवढी यायची होती.

लातुरात त्या वर्षांत घराला गच्ची असली की तिच्यावर खोल्या चढायच्या आणि खोल्यांत शिकवणीच्या पोरी भरायच्या. मीही चढवल्या. आमच्या गल्लीच्या तोंडाशीच तीन शिकवणीवर्ग. प्रत्येकाचा फलक घराएवढा आणि फलकावर गुणवंतांची तोंडं, एकाखाली एक, मतदार यादीसारखी. खाली नाली तुंबलेली, तिच्यात नोट्सची पानं, वडापावचे कागद, डब्यातली टाकून दिलेली भाजी. पाऊस झाला की ते सगळं फुगून वर यायचं. मला त्या गल्लीची शिसारी होती आणि भाडं मात्र गोड लागायचं. ही माझी तेव्हाची नीतिमत्ता.

एका जूनमध्ये नांदेडहून एक बाई मुलीला खोलीवर ठेवायला आली. दवाखान्यात नर्स होती. खोली बघितली, नळ सोडून बघितला, आणि मग माझ्याकडे बघून म्हणाली, “बाई, वळखलं का?”

“हो, ओळखलं की,” मी म्हटलं. तीस वर्षांत हे खोटं मला फार सफाईनं येऊ लागलं होतं.

“न्हाई वळखलं. प्रयोगशाळेच्या भाईर उभी ऱ्हायची ना, ती मी.”

माझ्या प्रयोगशाळेच्या बाहेर इतक्या पोरी उभ्या राहिल्या होत्या की त्यावरूनही काही आठवलं नाही. मी हसले. तीही हसली, पण माझ्याएवढी नाही.

दर पंधरा दिवसांनी ती मुलीसाठी दशम्या-चटणी घेऊन यायची. असंच एका रविवारी चहा पिताना तिनं विचारलं, “बाई, तुमी आमाला पडद्यावर चित्रं दाखवायच्या. त्यात आमच्या हिरीचं एक व्हतं. माझी आय व्हती त्यात. हाय का वो ते अजून?”

मग तिनं सांगितलं. तिचं गाव औसा तालुक्यातलंच. भूकंपात सगळं गाव बसलं. ही वसतिगृहात होती म्हणून वाचली. आई गेली, घर गेलं, आणि आईचा होता तो एकच फोटो भिंतीवर होता. भिंतीबरोबर तोही गेला.

“आवाज याद हाय,” ती म्हणाली. “हात याद हायत. तोंड म्हणलं की कुनाचंबी येतंय समोर. पोरगी विचारती, आज्जी कशी दिसायची. मी मावशीचा फोटू दाखवून म्हणते, अशीच. पण अशी नव्हती.”

एवढं बोलून ती कप विसळायला उठली.

ते चित्र मला मात्र लख्ख आठवलं, आणि आठवलं ते चांगल्या कारणानं नाही. शाळेच्या कॅमेऱ्यात स्लाइडचं रीळ घालून मी रानोमाळ हिंडायचे. रीळ धुवायला हैदराबादला जायचं आणि महिन्यानं पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवलेल्या टिचभर रंगीत फिल्मा परत यायच्या. त्यांनाच स्लाइड म्हणायचं. एकदा वर्गाची सहल तिच्या गावच्या विहिरीवर नेली होती, शेवाळ दाखवायला. मला दगडावरचं हिरवं शेवाळ हवं होतं आणि कडेला एक बाई पाणी शेंदत होती. मी म्हटलं, जरा बाजूला व्हा. ती म्हणाली, “माझा काढू नका वो बाई, पाणी शेंदायलेय, तोंड बी धुतलं न्हाई.” मी वैतागून बटण दाबलं. ती आलीच चौकटीत. पुढे वर्गात ही स्लाइड पडद्यावर लागली तशी एक पोरगी ओरडली, “माझी आय!” सगळा वर्ग हसला. मी छडी पडद्यावर आपटून म्हटलं, “आईकडे नको, शेवाळाकडे बघ.” चौकटीवर मी शाईनं लिहिलं होतं, ‘शेवाळ, गोडे पाणी’. बाईचा उल्लेख नाही. असली मी विदुषी.

स्लाइडा माळ्यावरच्या ट्रंकेत निघाल्या. झाकण उघडलं तसा ओल्या चपलेचा, कुबट लोणच्याचा आणि मेलेल्या पालीचा असा एकत्र वास आला. पाल खरंच निघाली, वाळून कागद झालेली. निम्म्या स्लाइडांवर बुरशी, कोळ्याच्या जाळ्यासारखी पांढुरकी, टोकाला काळसर. जन्मभर मी पोरांना भाकरीवरची बुरशी कौतुकानं दाखवली, पण ही बघून मी नाकाला पदर लावला. विहिरीची स्लाइड मात्र नशिबानं बरी होती. नुसता एक पुसट पापुद्रा तिच्यावर होता. उजेडाकडे धरली तर डावीकडे ती बाई दिसली, नखाएवढी. नाक-डोळे काही कळेनात. मोठं करायचं तर स्कॅनर हवा.

गल्लीत स्कॅनरला काय तोटा? शिकवणीचे फॉर्म आणि नोट्स स्कॅन करणारी दुकानं ढिगानं. एकाकडे गेले. त्यानं स्लाइड काचेवर पालथी टाकली, झाकण लावलं, बटण दाबलं. कागदावर काळा चौकोन आला.

“मॅडम, फोटोच काळा आहे,” तो म्हणाला.

“अहो, याला मागून उजेड लागतो. हा कागद नाही.”

“मग झाकण उघडं ठेवून बॅटरी मारू?”

आणि मी हो म्हटलं. त्यानं मोबाइलचा उजेड मारला, कागदावर पांढरा गोळा उमटला आणि गोळ्याच्या कडेला माझा अंगठा. हे आम्ही चार वेळा केलं. मागे पोरांची रांग. कुणीतरी म्हणालं, “आजी, लवकर करा ना, आमची टेस्ट आहे.” मला गल्लीची, दुकानाची आणि माझ्या अंगठ्याची सारखीच किळस आली.

शेवटी त्या नर्सबाईनंच नांदेडचा एक जुना स्टुडिओ शोधला. मी गेले. मालक म्हातारे, दुकान आवरायला काढलेलं. कपाटातून त्यांनी चहाच्या डब्याएवढा काळा ठोकळा काढला. समोर छोटा पडदा, बाजूला फट. स्लाइड एका पट्टीत बसवायची, पट्टी फटीतून सरकवायची, आतला दिवा मागून उजेड देतो, बटण दाबलं की चित्र आतल्या कार्डावर जातं. कॉम्प्युटरही लागत नाही. मला हवं तेच.

“बाई, अब कौन आता स्लाईड लेके,” ते म्हणाले. “ले जाओ. पण नाजूक हाय. आत धूळ जाऊ देऊ नका. गेलीच, तर हा ब्रश.” आणि त्यांनी वाकड्या मानेचा एक इवलासा ब्रश हातात दिला. “इसको सँभालके रखो. मशीनपेक्षा हा लागतो.”

मी मान डोलावली. घरी आल्यावर तो ब्रश बघून वाटलं, वा, देवांच्या कानाकोपऱ्यातलं गंध काढायला काय सुरेख आहे. आणि तो देवघरात गेला.

नवं यंत्र घरात आलं की आमच्याकडे त्याला हळदकुंकू लागतंच. मिक्सरला लागलं, फ्रिजला लागलं, गच्चीवरच्या मोटारीला दर दसऱ्याला लागतं. आमचे हे पेपर वाचत होते.

“अगं, त्याचं तोंड कुठंय ते बघून लाव,” ते म्हणाले.

“तोंडालाच लावतात,” मी म्हटलं. हळद, कुंकू, वर दोन अक्षता. एक अक्षत आत गेली ती मी यंत्र उलटं करून, झटकून काढली. तेवढ्या झटकण्यात बाकीचं किती आत गेलं, ते मला कुणी विचारायचं नाही.

पहिल्यांदा विहिरीचीच स्लाइड घातली. पडद्यावर आली. बटण दाबलं. बघते तर बाई उजवीकडे आणि तिचा पदरही उजव्या खांद्यावर. म्हणजे स्लाइड उलटी बसली होती, आरशातल्यासारखी. काढली, पालटली, पुन्हा घातली, बटण दाबलं; घातली की बटण दाबायचं, हे मी पुढेही दर वेळी इमानानं केलं. आता बाई डावीकडे, पदर डाव्या खांद्यावर, सगळं जिथल्या तिथं, आणि गालावर मात्र हा एवढा काळा डाग. डोळ्यापासून हनुवटीपर्यंत.

बुरशी, मी म्हटलं. अजून काही म्हणायचं मला सुचलंच नाही. स्लाइड काढली, कोरड्या मलमलीनं पुसली, घातली. डाग तिथंच. जरा जोरात पुसली. डाग तिथंच. मग मी वाटीत पाणी घेतलं, भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकला, कापसाचा बोळा भिजवला आणि चौकटीतून फिल्म काढून घासली. एखादं करपलेलं पातेलं मनावर घ्यावं तशी. बोळा तपकिरी झाला. मला वाटलं, निघाली घाण.

ती घाण नव्हती. बुरशी फिल्मवरचा थर आधीच पोखरून ठेवते, पाणी लागलं की तो साबुदाण्याच्या पेजेसारखा सुटतो. ही माहिती मला नंतर कळली असं म्हणायची सोय नाही, कारण जिलेटिन पाण्यात काय करतं हे मी दर वर्षी नववीला शिकवलं होतं. मी ओली फिल्म पुन्हा यंत्रात सरकवली. विहीर होती, दोर होता, दोरावरचे दोन हात होते. खांद्याच्या वर मात्र चिकट, पिवळट वाळकं पाणी. आणि त्याच्या मध्यभागी तोच डाग, केसभरही न हललेला.

तेव्हा मी भेंडीच्या फुलाची दुसरी स्लाइड घातली. डाग तिथंच. बेडकाची घातली. डाग बेडकाच्या पोटावर. बोळ्याचा वास माझ्या हाताला येत होता, साबणाचा आणि जुन्या ट्रंकेचा. सूक्ष्मदर्शकाच्या पहिल्या तासाला मी काय शिकवायचे? ठिपका दिसला तर आधी काचपट्टी सरकवा. ठिपका सरकला तर पट्टीवरचा. जागचा हलला नाही तर भिंगाचा. हे मी तीस वर्षं बडबडले आणि स्वतः एका मेलेल्या बाईचं तोंड धुऊन टाकलं.

देवघरातून ब्रश आणला. आत फिरवला. कुंकवाचा एक गोळा बाहेर आला, मसूर डाळीएवढा. डाग गेला.

“निघालं का?” ह्यांनी पेपराआडून विचारलं.

पुढच्या रविवारी नर्सबाई आली. सांगायचं कसं, याच्या मी आठ दिवस तालमी केल्या होत्या. पावसाळी हवा, जुनी फिल्म, काळाचा परिणाम, अशी सगळी लबाडी तयार होती. पण ती दशम्यांचा डबा तसाच मांडीवर धरून बसली आणि मला ती एकही थाप मारता येईना. मी सगळं सांगितलं. हळद, कुंकू, ब्रश, साबण, बोळा. विरघळलेली फिल्म तिच्यापुढे बशीत ठेवली.

तिनं ती उजेडाकडे धरून बराच वेळ बघितली. मग टेबलावरचा ठोकळा जवळ ओढला. “याच्यात किती चित्रं मावतात?”

“एकच,” मी ठणकावून सांगितलं. “नवं काढलं की जुनं जातं.” हे मला कुणीही सांगितलं नव्हतं.

दवाखान्यात असली छोट्या पडद्याची यंत्रं तिच्या रोजच्या हाताखालची. तिनं बाणाचं बटण दाबलं. बेडूक आला. पुन्हा दाबलं, भेंडी आली. मग ती विहीर, बाईच्या खांद्यांवर काहीच नसलेली. मग गालावर डाग असलेली बाई, एकदा, दोनदा, तीनदा. आणि सगळ्यांत मागे ते पहिलं, उलटं. डाग त्यातही होता तिथंच डावीकडे, पण तिथं विहिरीचे काळे दगड होते, म्हणून तो कुणाला दिसतही नव्हता. उजवीकडे, पदर भलत्या खांद्यावर घेऊन, एक बाई कॅमेऱ्याकडे वैतागून बघत होती. न धुतलेलं तोंड, बारीक डोळे, वरचा ओठ जरा दुमडलेला. सगळं तोंड साफ.

तिनं पडदा ओढणीनं पुसला. मग पुन्हा पुसला.

मी सुटले होते, आणि सुटल्यावर माझं तोंड आवरत नाही. मी लगेच तिला समजावून द्यायला लागले, की हे उलटं आहे बरं का, कॉम्प्युटरवर सरळ करून घेता येतं, आणि डाग कसा स्लाइडचा नव्हता तर यंत्राचा होता, पट्टी पालटली तरी तो जागचा हलला नाही, म्हणजेच...

तिनं पडद्यावरची नजर न काढता हात वर केला.

“बाई,” ती म्हणाली, “ठिपका भिंगाचा व्हता आणि मी कांद्याची साल पुसली, म्हणून तुमी मला तासभर भाईर उभं केलं व्हतं. आता तुमी जरा भाईर उभ्या ऱ्हा. मला माझ्या आयपाशी बसायचं हाय.”